मतपेटीपर्यंतची वाट



वसंतात व्याख्याने भरवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला. पण पुण्याचा वसंत आणि चिचगडकडचा वसंत यांत फरक आहे. इकडे फाल्गुन-चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन माणसे मोहफुले वेचायला रानात जातात, आणि मोह संपतो न संपतो तोच तेंदूपानांची तोड सुरू होते. अशा दिवसांत, दिवसभर राबून आलेली माणसे संध्याकाळी तासभर बसून इतिहास ऐकायला तयार होतात, ही कोणत्याही वक्त्याला भाग्याची वाटावी अशी गोष्ट आहे. तेव्हा मीही विषय दूरचा घेतलेला नाही. याच मुलखात घडलेली एक निवडणूक मी आपल्यापुढे मांडणार आहे, आणि तिच्या आधाराने एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहे. मतदार आपले मत ठरवतो ते कशावरून? वर्तमानपत्रात वाचून, सभेत ऐकून, की शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून?

ही निवडणूक म्हणजे १९५४ सालची भंडाऱ्याची पोटनिवडणूक. तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि त्यांचा पराभव झाला. एवढी गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ती निवडणूक मुळात का झाली, कशा पद्धतीने झाली, आणि त्या पराभवातून मतदाराच्या मनाविषयी काय कळते, याकडे सहसा कोणी वळत नाही.

प्रथम त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी निराळा झाला. त्यापूर्वी चिचगड भंडारा जिल्ह्यात होते. आणि १९५४ साली भंडारा जिल्हा महाराष्ट्रात नव्हे, तर नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला.

चिचगड ही जुनी जमीनदारी. जंगल, गाव, तलाव, वाट, सगळे जमीनदाराच्या नावाने ओळखले जाई. मध्य प्रदेश विधिमंडळाने १९५० साली जमीनदारी आणि मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी तो अमलात आला. पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाली. म्हणजे मालकी जाऊन वर्षही पुरे झाले नव्हते, तोच कालच्या रयतेच्या हाती मतपत्रिका आली. परंतु मालकी कायद्याच्या तारखेला जाते. मनाची सवय त्या तारखेला जात नाही. ज्याच्या अंगणात पिढ्यान् पिढ्या हात जोडून उभे राहिलो, त्याच्या मर्जीविरुद्ध पेटीत कागद टाकायचा, ही कल्पनाच पुष्कळांना नवीन होती. त्यात दुसराही धागा होता. भंडारा-गोंदियाचा भाग विडीच्या धंद्याचा. रानातले पान तोडणारा, घरी बसून विडी वळणारी, माल मोजून घेणारा कंत्राटदार आणि गोंदियाचा कारखानदार, अशी ती साखळी होती. पोटाची साखळी तीच पुष्कळदा मताचीही साखळी होते, हे मी सांगायला नको.

आता प्रचाराची साधने पाहा. १९५१ साली देशात शंभर माणसांत जेमतेम अठरा साक्षर होती. नागपुरात श्री. ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखाली ‘तरुण भारत’ निघत होता आणि गोपाळराव ओगल्यांनी १९१४ साली सुरू केलेल्या ‘महाराष्ट्र’ पत्राचा दबदबा होता. परंतु असली पत्रे रानातल्या गावी टपालाने, शिळी होऊन यायची, आणि आली तरी ती वाचणार कोण? गावात वाचणारा म्हणजे मास्तर, पटवारी, पोस्टमन, एखादा दुकानदार. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले होते. पण रेडिओ ही चैनीची वस्तू होती, आणि आकाशवाणीवरून प्रचार करण्याची मुभा राजकीय पक्षांना १९७७ पर्यंत नव्हती. राहता राहिली ती जुनी साधने. कोतवालाची दवंडी, आठवड्याचा बाजार, दिवाळीनंतरची मंडई, दंडार आणि खडी गंमत, आणि निवडणुकीपुरता येणारा कर्णा. या सर्वांतून बातमी पोहोचे. पण ती नुसती पोहोचत नसे. ती कोणाच्या तरी तोंडून पोहोचे, आणि ऐकणारा बातमीबरोबर ते तोंडही जोखून पाही.

निरक्षर मतदारासाठी निवडणूक आयोगाने एक युक्ती काढली होती. श्री. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांच्या व्यवस्थेत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. मतदाराने शिक्का मारायचा नव्हता, काही लिहायचे नव्हते. आडोशामागे जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कागद सोडायचा, बस्स. काँग्रेसची जू घेतलेली बैलजोडी, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, पुढे प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी. ही चित्रे म्हणजेच त्या काळचे सर्वांत जास्त वाचले गेलेले वर्तमानपत्र होय! शेतकऱ्याच्या घरी बैलजोडीचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नसे. चिन्हसुद्धा मतदाराशी बोलत असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. त्या वेळी देशात लोकसभेचे ८६ मतदारसंघ दुहेरी होते. तेथून दोन सभासद निवडले जात. बहुतेक ठिकाणी एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी अनुसूचित जातींसाठी वा जमातींसाठी राखीव असे. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. एक मत एकाला दिले की दुसरे दुसऱ्याला द्यायचे, नाहीतर ते वाया घालवायचे. भंडारा हा असाच दुहेरी मतदारसंघ होता आणि त्याची दुसरी जागा अनुसूचित जातींसाठी होती.

पहिल्या निवडणुकीत भंडाऱ्याहून काँग्रेसचे श्री. चतुर्भुज जसाणी आणि श्री. तुळाराम साखरे हे निवडून आले. त्या निवडीविरुद्ध मतदारांपैकी काहींनी अर्ज केला, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी निकालपत्र दिले. त्यातले दोन मुद्दे आपल्या विषयाशी फार जवळचे आहेत.

पहिला मुद्दा विडीचा. जसाणी ज्या पेढीचे भागीदार होते, तिचा लष्करी उपाहारगृहांना विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारशी असा व्यवहार असणाऱ्याने लोकप्रतिनिधी होऊ नये, हा नियम. म्हणजे आपल्या रानातले पान, आपल्या बायाबापड्यांनी वळलेली विडी, हीच न्यायालयापुढे पुरावा म्हणून उभी राहिली. पैसा आणि प्रतिनिधित्व यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न प्रजासत्ताकाच्या पहिल्या लोकसभेत भंडाऱ्याच्या निमित्ताने निघाला, ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरा मुद्दा त्याहून मार्मिक आहे. श्री. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. ते महार, पण त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतलेली. श्रीचक्रधरांचा पंथ जातिभेद मानत नाही. तेव्हा पंथात गेलेला मनुष्य महार राहिलाच कोठे, असे म्हणून त्यांचा अर्ज फेटाळण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. मनुष्याची जात बदलली की नाही हे पाहताना त्याचा स्वतःचा हेतू काय, नव्या पंथाचे नियम काय, आणि जुना समाज त्याला आपला मानतो की नाही, या तिन्ही गोष्टी पाहिल्या पाहिजेत, असे न्यायालयाने ठरवले. ठवरे यांचा विवाहसंबंध महार समाजातच झाला होता आणि समाज त्यांना आपलाच मानत होता. म्हणून अर्ज फेटाळणे चुकीचे ठरले, आणि संपूर्ण निवडणूकच रद्द झाली.

श्रोतेहो, या निकालाचा कायद्यापुरता अर्थ वकील सांगतील. मला त्यातून निराळीच गोष्ट दिसते. पंथाने जात पुसली, तरी गावाने ती पुसली नाही. चक्रधरस्वामींनी सातशे वर्षांपूर्वी सांगितलेले माणसाने मनोमन स्वीकारले, तरी शेजारी त्याला कोणत्या नावाने ओळखतो, यावर त्याची ओळख ठरली. न्यायालयाने समाजाचे वास्तव जसे होते तसे नोंदवले, एवढेच. आणि मतदानाच्या दिवशी आडोशामागे जाणारा माणूस हीच ओळख आपल्याबरोबर घेऊन जात असतो.

अशा रीतीने दोन्ही जागा रिकाम्या झाल्या आणि मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षातर्फे श्री. अशोक मेहता आणि काँग्रेसतर्फे श्री. पूनमचंद रांका उभे राहिले. राखीव जागेसाठी फेडरेशनतर्फे डॉ. आंबेडकर आणि काँग्रेसतर्फे श्री. भाऊराव बोरकर. मेहता आणि आंबेडकर यांची युती होती. बाबासाहेब त्या वेळी राज्यसभेचे सभासद होते, पण लोकसभेत थेट लोकांकडून निवडून जावे, ही इच्छा त्यांच्या मनात होती. प्रकृती ठीक नसतानाही ते या जिल्ह्यात हिंडले, सभांतून बोलले. सरकारच्या कारभारावर आणि परराष्ट्र धोरणावरही त्यांनी टीका केली. निकाल लागला तो असा : सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी, राखीव जागेवर भाऊराव बोरकर विजयी. आंबेडकरांचा सुमारे आठ हजार मतांनी पराभव झाला.

या निकालाची जी कारणे सहज सुचतात, ती एकेक घेऊन तपासू.

कोणी म्हणेल, तो काळच काँग्रेसचा होता, नेहरूंच्या नावावर दगडही तरला असता. मग काँग्रेसचे रांका का हरले? त्याच मतदारांनी, त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर काँग्रेसचा एक उमेदवार पाडला आणि दुसरा निवडून दिला. तेव्हा लाट हे कारण पुरत नाही. कोणी म्हणेल, आंबेडकर बाहेरचे, बोरकर इथले. पण अशोक मेहता तरी कुठे इथले होते? त्यांचा जन्म सौराष्ट्रातला आणि राजकारण मुंबईच्या कामगारांतले. तेव्हा परकेपणा हेही कारण पुरत नाही. कोणी म्हणेल, लोकांना आंबेडकर माहीत नसतील. ज्याने घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले, ज्याच्या एका शब्दाखातर हजारो माणसे मैलोगणती चालत येत, तो माहीत नव्हता असे कोण म्हणेल? आणि नुसती जात म्हणावी, तर जागाच राखीव होती. दोन्ही उमेदवार अनुसूचित जातींचेच होते.

मग उरले काय? उरते ते दुसऱ्या मताचे वर्तन. युती होती म्हणजे मेहतांच्या मतदाराने दुसरे मत आंबेडकरांना द्यावे आणि आंबेडकरांच्या मतदाराने दुसरे मत मेहतांना द्यावे, असा करार. मेहता जिंकले आणि आंबेडकर हरले, याचा सरळ अर्थ असा की, झोपडीच्या पेटीपर्यंत आलेला प्रत्येक हात हत्तीच्या पेटीपर्यंत गेला नाही. सरकारविरुद्ध मत द्यायला तयार असलेला मतदारही एका ठिकाणी येऊन अडला. अनुसूचित जातीचा उमेदवार त्याला चालत होता. पण इतर समाजाच्या मोठ्या पक्षाने हात धरून आणलेला असेल तर अधिक चालत होता. स्वतःच्या समाजाची संघटना उभी करून, बरोबरीच्या नात्याने मत मागणारा मात्र त्याला दूरचा वाटला.

ही गोष्ट बाबासाहेबांना नवीन नव्हती. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने विभक्त मतदारसंघ जाऊन संयुक्त मतदारसंघ आले, तेव्हापासून त्यांचे म्हणणे हेच होते. राखीव जागेवर कोण बसणार हे जर बहुसंख्य इतर मतदार ठरवणार असतील, तर त्या जागेवर दलितांचा खरा प्रतिनिधी बसण्याची शाश्वती नाही, असे ते सांगत. १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे आकडेवारीसह मांडले होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईत त्यांना याचा अनुभव आला. तेथे काँग्रेसचे श्री. नारायणराव काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला, आणि त्या निवडणुकीत सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. राखीव जागेच्या उमेदवाराला देण्यापेक्षा दुसरे मत कुजवा, असा प्रचार आपल्याविरुद्ध झाला, अशी आंबेडकर आणि अशोक मेहता यांची तक्रार होती. त्यांनी दादही मागितली, पण ती मिळाली नाही.

भंडाऱ्यात नेमका हाच प्रश्न उलट बाजूने पुढे आला. फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या माणसांनी फक्त हत्तीच्या पेटीत मत टाकावे आणि दुसरे मत कुजवावे. म्हणजे बाबासाहेबांची बाजू बळकट होईल. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने घटना घडवण्यात हात लावला, त्यानेच मत वाया घालवा म्हणून सांगावे, हे त्यांना पटले नाही. त्यांच्या अनुयायांनी दुसरे मत मेहतांना दिले. उलट बाजूने तेवढी परतफेड झाली नाही. एका मताची किंमत एवढी मोजणारा उमेदवार आपल्या मुलखाने पाहिला आहे. घटनेच्या मसुदा समितीचा हा अध्यक्ष लोकसभेत कधीच निवडून गेला नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रचार मतदाराला वळवतो म्हणतात, तर मग अशा वेळी प्रचार कोठे कमी पडतो?

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास पहिल्याने अमेरिकेत झाला. १९४० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातला ईरी हा परगणा निवडला. तेथील सहाशे मतदारांना त्यांनी मे ते नोव्हेंबर या काळात पुन्हा पुन्हा गाठून विचारले की, तुमचे मत काय आणि ते कशाने बनले. रेडिओ आणि वृत्तपत्रे माणसांना मेंढरांसारखी वळवतात, असे तेव्हा सर्वत्र मानले जाई. १९४४ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा निराळेच चित्र दिसले. सुमारे निम्म्या लोकांचे मत प्रचाराची धामधूम सुरू होण्याआधीच ठरलेले होते. एका पक्षाकडून दुसऱ्याकडे खरोखर वळलेले लोक अगदी थोडे. मनुष्य कोणत्या धर्माचा, कोणत्या आर्थिक थरातला, खेड्यातला की शहरातला, यावरून त्याच्या मताचा पुष्कळसा अंदाज बांधता येत होता. आणि ज्यांचे मत शेवटपर्यंत डळमळत होते, ते वर्तमानपत्रापेक्षा ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाचे अधिक ऐकत. अशी विश्वासाची माणसे स्वतः वाचीत, ऐकत आणि मग इतरांना सांगत. म्हणजे शब्द दोन टप्प्यांनी जातो. छापखान्यातून विश्वासाच्या माणसाकडे, आणि त्याच्याकडून घरोघर.

हा नियम आपण भंडाऱ्याला लावून पाहू. वर्तमानपत्राचे बळ बाबासाहेबांइतके कोणी ओळखले असेल? ‘मूकनायक’ त्यांनी १९२० साली काढले, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली, ‘जनता’ १९३० साली. ज्यांना बोलायला जागा नव्हती, त्यांना त्यांनी वाचा दिली. ‘जनता’चा एक अंक वस्तीत आला की एकजण वाची आणि वीस-पंचवीसजण ऐकत. दोन्ही टप्पे तेथे उत्तम जुळले होते, म्हणून ती मते पोलादासारखी राहिली. परंतु गावात रस्त्याच्या पलीकडे काय होते? तेथे त्यांचा शब्द नेणारा विश्वासाचा माणूस नव्हता. सभेत कर्ण्यातून आवाज पलीकडे जात होता. पण रात्री पारावर बसून, ‘अहो, हे म्हणतात त्यात खोटे काय?’ असे विचारणारे कोणी नव्हते. पहिला टप्पा होता, दुसरा नव्हता. मेहतांना दोन्ही टप्पे मिळाले, आंबेडकरांना एका बाजूने मिळाले आणि दुसऱ्या बाजूने अडले. माझ्या मते त्या आठ हजार मतांचा हिशेब येथे लागतो.

याचा अर्थ प्रचारसाधने निरुपयोगी, असा मात्र कोणी करू नये. मते काय असावीत हे ती फारसे ठरवत नाहीत; पण लोकांनी कशाविषयी बोलावे, हे ती पुष्कळ ठरवतात. पेरणीला पाऊस लागतो, पण नांगरलेली जमीन नसेल तर पाऊस वाहून जातो. जमीन नांगरण्याचे काम समाजाचे आहे. ते छापखान्याला करता येत नाही.

या कथेचा उत्तरार्ध थोडक्यात सांगतो. भाऊराव बोरकरांच्या निधनामुळे १९५५ साली पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि श्रीमती अनसूयाबाई बोरकर लोकसभेवर गेल्या. ज्या देशात पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे, त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘अमक्याची आई’ असे सांगितल्यामुळे यादीतून गळाली होती, त्या देशात ही लहान गोष्ट नव्हे. दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. निराळ्या पेट्या जाऊन शिक्क्याची मतपत्रिका आली आणि पुढे यंत्र आले. १९७७ पासून पक्षांना आकाशवाणी खुली झाली. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा बोभाटा झाला आणि वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीला २०१० साली त्यावर अहवाल द्यावा लागला. पैसे देणाऱ्यांनी जाहिरात न देता बातमी का विकत घेतली? कारण जाहिरातीवर माणूस विश्वास ठेवत नाही, ओळखीच्या आवाजावर ठेवतो. लाझार्सफेल्डचा सिद्धांत त्यांनी वाचला नसेल, पण तो त्यांना पाठ होता!

आणि आज खिशाखिशांत मोबाईल आहे. नवे साधन आले म्हणून जुना नियम मोडला असे समजू नका. निनावी मजकूर आपण पुसून टाकतो. पण तोच मजकूर भाच्याने पाठवला, साळ्याने पाठवला, की खरा वाटतो. दोन टप्पे तेच आहेत. फक्त पाराची जागा पडद्याने घेतली आहे. फरक एवढाच की, पारावर खोटे बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावे लागे.

चिचगडचा परिसर आता गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात आणि आमगाव विधानसभा मतदारसंघात मोडतो. सुरक्षिततेच्या कारणाने येथे मतदान दुपारी तीनलाच संपत आले आहे. आणि तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत याच मतदारसंघात सुमारे ७२ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत जास्त, मतदान झाले. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांनी येथे येऊन धडा घ्यावा, असा हा आकडा आहे. परंतु या उत्साहाला एक धोका आहे, आणि तो लहान गावांनाच आहे. आज मोजणी केंद्रवार होते. चारशे-पाचशे मतदारांच्या पाड्यात कोणाला किती मते पडली, हे संध्याकाळपर्यंत पुढाऱ्याला कळते. एकेकट्याचे मत गुप्त राहते, पण पाड्याचे मत उघडे पडते, आणि मग रस्ता कोणाला द्यायचा आणि कोणाचा अडवायचा, याचा हिशेब मांडता येतो. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे यंत्र वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले आणि विधी आयोगाने २०१५ साली शिफारस केली. ती अमलात आलेली नाही. शेजाऱ्याच्या धाकापासून मतदाराचे रक्षण करण्यासाठी आडोसा निर्माण झाला. तो आडोसा माणसाला मिळाला, गावाला अजून मिळायचा आहे.

श्रोतेहो, १९५४ च्या मे महिन्यात, तेंदूपानांच्या तोडीच्या दिवसांत, या जिल्ह्यातल्या मतदारापुढे दोन मते होती. पहिले मत देताना त्याने सरकारला जाब विचारला. दुसरे मत देताना पुष्कळांनी गावाकडे वळून पाहिले. पहिले मत द्यायला बातमी पुरली. दुसऱ्याला शेजार आडवा आला. आज आपल्या हाती एकच मत आहे, पण त्या दोन मतांचे भांडण त्यात अजून चाललेले असते. ते मिटवण्याचे काम वर्तमानपत्रे करणार नाहीत, मोबाईलही करणार नाही. या व्याख्यानाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे एका सतरंजीवर बसली असतील, तर त्या कामाला सुरुवात झाली, असे मी समजतो. उद्या पहाटे पुन्हा मोहफुले वेचायला जाताना दोघांनी एकमेकांना एवढेच विचारावे : काल वक्ता म्हणाला, त्यात खोटे काय?